अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज करण्याआधी ऑनर कोड कसा वाचावा

मुलीची तिकडची पहिलीच सेमिस्टर परीक्षा होती. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे सकाळचे अकरा. "आई, केमिस्ट्रीचा पेपर मी रविवारी सकाळी देणार आहे," ती म्हणाली.

"रविवारी? सुपरवायझर येतात रविवारी?"

"सुपरवायझर नसतोच गं. पाकीट घ्यायचं, वर सुरू केल्याची वेळ लिहायची, खोलीत जाऊन बसायचं आणि तीन तासांनी परत नेऊन द्यायचं. कोणाचा पेपर कधी, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

मी अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवते आहे. बारावीच्या वर्गांवर उभी राहिले आहे, भरारी पथकाची गाडी आवारात शिरल्यावर खिडक्यांखाली पडणारा चिठ्ठ्यांचा सडा पाहिला आहे, कॉपीमुक्त अभियानाच्या शपथाही मुलांना दिल्या आहेत. तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. रविवारी सकाळी माझ्या मुलीने सोडवलेला पेपर सोमवारी तिची मैत्रीण सोडवणार होती आणि मधल्या रात्री दोघी एकाच खोलीत झोपणार होत्या. सोमवारी मी सवयीने विचारलं, "मग, कसा होता पेपर?" ती म्हणाली, "ते अजून सांगता येत नाही. सगळ्यांचा होईपर्यंत सोपा होता की अवघड, एवढंही बोलायचं नसतं. तुला सांगितलं तरी कोणाला कळणार नाही, पण नको."

त्या "पण नको"मागे जे आहे, त्याला तिकडे ऑनर कोड म्हणतात. तेव्हापासून अमेरिकेत पदवीसाठी जायचं म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी फी आणि रँकिंगच्या तक्त्याआधी हे पान उघडायला लावते. कॉलेजविषयी मनात जे चित्र तयार होतं ते बहुतेक वेळा फोटोंवरून, हिरवळीवरून आणि नावावरून होतं. ऑनर कोड नीट वाचला तर तिथली मुलं एकमेकांशी कशी वागतात, कॉलेज त्यांच्याशी कसं वागतं आणि एखादा चुकला तर काय होतं, याचा अंदाज घरबसल्या येतो. तो कसा वाचायचा, ते सांगते.

आधी कोणत्या प्रकारचा कोड आहे ते ओळखा

आपल्याकडे याचं भाषांतर कधी कधी सन्मानसंहिता असं होतं. सन्मान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाल आणि श्रीफळ येतं. इथे अर्थ वेगळा आहे: दिलेल्या शब्दाला जागणं. पण कोणता शब्द द्यायचा, हे प्रत्येक कॉलेजात निराळं असतं आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार फक्त अभ्यासापुरता असतो. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात उत्तरपत्रिकेवर विद्यार्थी लिहून देतो, की मी माझ्या सन्मानाला स्मरून सांगतो, या परीक्षेत मी परवानगी नसलेली मदत घेतली नाही आणि दिलीही नाही. "दिलीही नाही" हे शब्द विसरू नका, त्यांच्याकडे पुढे येणार आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या तंत्रविज्ञान संस्थेचा कोड तर एका वाक्याचा आहे. त्याचा आशय असा: कॅलटेकच्या समुदायातल्या कोणीही समुदायातल्या दुसऱ्या कोणाचा गैरफायदा घेऊ नये. तिथे कित्येक परीक्षा घरी नेऊन सोडवायच्या असतात. वेळ संपली की विद्यार्थ्याने स्वतःच थांबायचं.

दुसऱ्या प्रकारात अभ्यासाबरोबर एकत्र राहण्या-वागण्याची रीतही येते. फिलाडेल्फियाजवळचं हॅवरफर्ड कॉलेज हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या कोडची परंपरा १८९७ पासूनची आहे. डॉर्ममध्ये, म्हणजे हॉस्टेलात, शेजाऱ्याच्या संगीताचा त्रास झाला तरी आधी त्याच्याशी जाऊन बोलायचं, ही अपेक्षा त्याच कोडातून येते.

तिसरा प्रकार धार्मिक. युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या कोडात दारू-सिगारेटबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. पोशाखाचे नियम आहेत, दाढी ठेवायची तर वैद्यकीय किंवा धार्मिक अशा कारणासाठी परवानगी लागते आणि लग्नाबाहेरचे शरीरसंबंध चालत नाहीत. त्या विद्यापीठाची फी इतर खाजगी विद्यापीठांच्या मानाने कमी असल्यामुळे आपल्या मुलांच्या यादीत ते नाव येतं. यावे, काही हरकत नाही. पण रोज दोन वेळचा चहा हा ज्याच्या घरचा धर्म आहे, त्याने सही करण्याआधी हे वाचलेलं असावं. हे नियम मोडायचे आणि लपवायचे, असं मनात धरून कोणीही तिथे जाऊ नये.

चौथा प्रकार वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमींचा. तिथला कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. आपली मुलं सहसा तिथे जात नाहीत, पण त्यातला शेवटचा भाग लक्षात ठेवा. साध्या कॉलेजांच्या कोडातही तो सौम्य शब्दांत येतो.

मूळ मजकूर काढा आणि पेन्सिल घेऊन बसा

माहितीपत्रकातल्या दोन ओळींवर थांबू नका. "आम्ही विश्वासाच्या वातावरणात शिकतो" असं तर सगळेच लिहितात. कॉलेजच्या संकेतस्थळावर पूर्ण कोड असतो, त्यासोबत चौकशीची पद्धत असते. छापून घ्या. मी मुलांना चार गोष्टींखाली रेघ मारायला सांगते: कोड कोणी लिहिला, निर्णय कोण देतं, शिक्षा कोणत्या आणि दुसऱ्याची चूक दिसली तर माझं कर्तव्य काय.

पहिल्या दोन गोष्टींवरून त्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं स्थान कळतं. हॅवरफर्डमध्ये दरवर्षी वसंतात सगळे विद्यार्थी एकत्र जमतात, कोडावर चर्चा करतात, दुरुस्त्या मांडतात आणि तो पुढच्या वर्षासाठी मंजूर करायचा की नाही यावर मत देतात. त्यांच्या भाषेत ही प्लेनरी. २०१८ मध्ये कोडाला मंजुरी मिळालीच नाही, मग पुन्हा खास सभा बोलावून तो मंजूर करावा लागला. एका आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तिथे गोंधळच आहे." मला नेमकं उलटं वाटतं. ज्या नियमाला नाही म्हणायची सोय आहे, त्याला हो म्हणण्यात वजन असतं. आपल्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर मुलं आणि पालक सही करतात. न वाचता, रांगेत उभं राहून, मागच्याच्या पाठीवर कागद ठेवून. त्या सहीची आणि प्लेनरीतल्या मताची तुलना करून पाहा.

तिसरी रेघ शिक्षेखाली. इथे व्हर्जिनिया विद्यापीठाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण एखादा कोड कसा जन्मतो आणि कसा बदलतो हे त्यातून जितकं कळतं तितकं कशातूनच कळत नाही. १८४० च्या नोव्हेंबरात तिथल्या आवारात मुखवटे घालून दंगा करणाऱ्यांपैकी एका विद्यार्थ्याने जॉन डेव्हिस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांवर गोळी झाडली आणि ते दगावले. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यातलं वैर त्या काळी इतकं टोकाला गेलेलं होतं. दोन वर्षांनी, १८४२ मध्ये, हेन्री टकर या प्राध्यापकांनी सुचवलं, की परीक्षेत विद्यार्थ्याने कोणाची मदत घेतली नाही असं स्वतःच्या शब्दावर लिहून द्यावं. पुढे त्यातूनच विद्यार्थ्यांनी चालवलेली पूर्ण व्यवस्था उभी राहिली. खोटं बोलणं, फसवणूक आणि चोरी हे तीन गुन्हे, आणि दोषी ठरल्यास शिक्षा एकच: विद्यापीठातून कायमचं बाहेर. निम्मी नाही, दंड नाही, ताकीद नाही.

ही एकच शिक्षा पिढ्यान् पिढ्या टिकली. २००१ मध्ये तिथल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी संगणकावर निबंध ताडून पाहिले, तेव्हा शंभराहून जास्त विद्यार्थ्यांवर संशय आला आणि देशभर गाजावाजा झाला. पुढे तक्रार झाल्यावर, सुनावणीआधीच चूक कबूल करून काही काळ बाहेर राहायची आणि परत यायची वाट विद्यार्थ्यांनी मतदानाने उघडली. २०२२ मध्ये मोठ्या बहुमताने हकालपट्टीच्या जागी दोन सेमिस्टर बाहेर राहण्याची शिक्षा आली आणि २०२३ मध्ये प्रसंगानुसार वेगवेगळ्या शिक्षांची व्यवस्था. म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी एखाद्या दादाने किंवा ताईने "व्हर्जिनियात एक चूक आणि घरी" असं सांगितलं असेल, तर तेव्हा ते खरं होतं, आज नाही. म्हणून म्हणते, ऐकीव गोष्टींवर मत बनवू नका, चालू वर्षाचा मजकूर पाहा. त्याच राज्यातल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात मात्र हकालपट्टीची ही एकमेव शिक्षा परंपरेने चालत आली आहे.

कडक शिक्षा वाचून काही मुलं त्या कॉलेजवर फुली मारतात, काहींना उलट भरवसा वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही प्रकार वाचून जे म्हटलं ते मला फार पटलं. तो म्हणाला, "मॅडम, शिक्षा इतकी मोठी असेल तर मित्राची तक्रार करायला माझा हात उठणार नाही." एकच शिक्षा बदलावी म्हणणारे व्हर्जिनियातले विद्यार्थीही वर्षानुवर्षं हाच मुद्दा मांडत होते.

कोड जुना आहे म्हणून पुढे वाचायचं सोडू नका

प्रिन्स्टनचा कोड १८९३ चा, स्टॅनफर्डचा १९२१ चा. जुनी तारीख दिसली की आपल्याला आदर वाटतो. पण कोड जिवंत आहे का, हे तारखेवरून कळत नाही. स्टॅनफर्डमध्ये शंभर वर्षं परीक्षेच्या खोलीत प्राध्यापकांनी पहारा द्यायचा नाही, हा नियम होता. २०२३ मध्ये बऱ्याच वादानंतर तो बदलला आणि पर्यवेक्षण प्रायोगिक पातळीवर करून पाहायचं ठरलं. हार्वर्डची गोष्ट याच्या उलट. २०१२ मध्ये घरी सोडवायच्या एका परीक्षेत सुमारे १२५ विद्यार्थ्यांनी एकमेकांची मदत घेतल्याचा संशय आला. त्या विद्यापीठाला तोवर ऑनर कोडच नव्हता. त्या प्रकरणानंतर तो तयार झाला आणि २०१५ च्या शरद सत्रापासून लागू झाला.

रटगर्स विद्यापीठातले डोनाल्ड मॅकेब यांनी या विषयावर कित्येक वर्षं विद्यार्थ्यांची पाहणी केली. ऑनर कोड असलेल्या कॉलेजांत फसवणुकीची कबुली देणारे विद्यार्थी कमी निघाले, पण शून्य कुठेच नव्हते. आणि कागदावरच्या मजकुरापेक्षा आजूबाजूची मुलं काय करतात याचा परिणाम मोठा दिसला. त्यामुळे "आमच्याकडे कोड आहे, इथे कोणी फसवत नाही" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा.

पुढचा प्रश्न कोणाला आणि कसा विचारायचा

कॅम्पस दाखवणारा विद्यार्थी तुम्हाला लायब्ररीत नेईल आणि टेबलावर उघडा पडलेला लॅपटॉप दाखवेल. "आमच्याकडे सगळे असंच ठेवून जेवायला जातात." ते खरंही असेल. आपल्याकडच्या माणसाच्या मनावर या दृश्याचा लगेच ठसा उमटतो, कारण आपण एसटी स्टँडवर पाणी प्यायला जातानाही बॅग खांद्यावर घेऊन जातो. पण हा ठसा अर्धाच आहे. लहान गावातल्या हजार-दीड हजार मुलांच्या कॉलेजात वस्तू जागेवर राहतात, ते तितकं नवल नाही.

तुम्ही असं विचारा: गेल्या वर्षभरात तुला स्वतःला ऑनर कोड कधी आठवावा लागला? या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. एकीने माझ्या मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, की गणिताचा टेक-होम पेपर सोडवताना वेळ संपली, तिने तिथे आडवी रेघ मारली आणि रेघेखाली पुढचं उत्तर लिहून ठेवलं, प्राध्यापकांना कळावं म्हणून की मला येत होतं, पण वेळेत नाही. रेघेखालच्याला गुण नव्हते. हे सांगताना ती जराही मोठेपणा मिरवत नव्हती. मुलीचा त्या कॉलेजकडे कल तिथेच झुकला.

असे आणखी काही प्रश्न आहेत. परीक्षेच्या वेळी प्राध्यापक खोलीत थांबतात का? गृहपाठ एकत्र सोडवता येतो का, आणि कुठपर्यंत? तुझ्या ओळखीचं कोणी ऑनर कौन्सिलपुढे, म्हणजे कोडभंगाची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे, गेलं आहे का, आणि ते आज तुमच्यातच आहे का? शेवटचा प्रश्न नावाशिवाय विचारा आणि समोरची व्यक्ती अवघडली तर आग्रह करू नका. उत्तर देणारा विद्यार्थी "माहीत नाही" म्हणाला तरी तेही एक उत्तर आहे. ज्या कॉलेजात कोडाचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे, तिथल्या मुलांना याविषयी काही ना काही सांगायचं असतं.

जाणं शक्य नसेल तर दुसरी वाट आहे, आणि मला ती जास्त खात्रीची वाटते. हॅवरफर्ड, राइस अशा काही ठिकाणी विद्यार्थ्यांचं ऑनर कौन्सिल जुन्या प्रकरणांचे सारांश नावं वगळून प्रसिद्ध करतं. त्यातले दोन-तीन वाचा. काय घडलं, विद्यार्थ्याने काय सांगितलं, ज्युरीत कोणता वाद झाला, शेवटी काय ठरलं. लिहिणाऱ्यांना त्या मुलाविषयी काही वाटतं की नाही, हे वाक्यांतून लपत नाही.

आता आरसा: आपल्या सवयी

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपली मुलं अडखळतात ती इथे.

मराठीत "कॉपी" म्हणजे परीक्षेतली चिठ्ठी. ती वाईट, हे सगळ्यांना मान्य आहे. पण जर्नल? सबमिशनच्या आदल्या रात्री एका हुशार मुलीचं जर्नल हॉस्टेलच्या पाच खोल्यांतून फिरतं, सगळ्यांची रीडिंग तीच, आलेखावरचे बिंदूही तेच. इंजिनिअरिंगला काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट ट्रेस करणं तर सर्रास चालतं. हे करणारी मुलं अप्रामाणिक नसतात. त्यांच्या मनात हा मदतीचा भाग असतो, आणि जर्नल न देणारी मुलगी शिष्ट ठरते. मीही शिक्षक म्हणून अशा जर्नलांवर सह्या केल्या आहेत.

माझ्या मुलीने दुसऱ्या सेमिस्टरला हेच केलं. लॅबमधल्या मैत्रिणीला बरं नव्हतं, हिने आपला रिपोर्ट तिला ईमेलने पाठवला, "बघ कसा लिहायचा ते." मैत्रिणीने त्यातले दोन परिच्छेद थोडे बदलून उतरवले. प्राध्यापकांनी दोघींना बोलावलं आणि स्वतःहून ऑनर कौन्सिलकडे जायला सांगितलं. आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते तेव्हा फोन आला. ती रडत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई, मी तर कोणाचं काही घेतलंच नाही." उत्तरपत्रिकेवरचे "दिलीही नाही" हे शब्द तिने शंभरदा लिहिले होते, पण आमच्या घरात देण्याला कधी कोणी चूक म्हटलेलं नव्हतं.

तिने काय घडलं ते एका पानावर लिहून दिलं. टेबलाभोवती विद्यार्थीच बसले होते, तिच्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठे. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. त्या रिपोर्टला शून्य मिळालं, आणि तिने व मैत्रिणीने नव्या विद्यार्थ्यांसाठी लॅबमधल्या सहकार्याच्या मर्यादांवर एक टिपण तयार करायचं ठरलं. तिला सेमिस्टर गमवावं लागलं नाही. दुसऱ्या एखाद्या कॉलेजात लागलं असतं. पहाटेच्या त्या फोननंतर मी त्यांचा कोड पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि ते मी अर्ज करण्याआधी करायला हवं होतं.

म्हणून घरी बसून हा अभ्यास करा. गेल्या दोन वर्षांत तुम्ही मित्राला काय काय दिलं, त्याच्याकडून काय काय घेतलं, त्याची यादी काढा: जर्नल, असाइनमेंट, क्लासच्या नोट्स, प्रोजेक्टचा तयार रिपोर्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली उत्तरं. मग प्रत्येकापुढे त्या कॉलेजचा कोड काय म्हणतो ते लिहा. नोट्स देणं बहुतेक ठिकाणी चालतं. बाकीच्यांचं उत्तर विषयागणिक बदलतं. एआयच्या साधनांचंही तसंच. एक प्राध्यापक मसुद्यासाठी वापरू देतात, दुसऱ्याकडे तोच वापर गुन्हा ठरतो. तिथे प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला सिलॅबस नावाचा कागद मिळतो आणि तो धड्यांच्या यादीपुरता नसतो. सहकार्याचे नियम त्यातच असतात.

आणि चौथी रेघ: दुसऱ्याची चूक दिसली तर? आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, "तू कशाला मध्ये पडतेस?" चुगली करणारा वर्गात कोणालाच आवडत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. काही कोड तक्रार करणं बंधनकारक मानतात, काही फक्त अपेक्षा ठेवतात. हॅवरफर्डची पद्धत मला यात सगळ्यात माणुसकीची वाटते. चूक दिसली तर आधी त्या व्यक्तीशी समोरासमोर बोलायचं, तिचं म्हणणं ऐकायचं, आणि शंका उरलीच तर स्वतःहून कौन्सिलकडे जा असं तिलाच सांगायचं. ते याला कन्फ्रंटेशन म्हणतात. शब्द भांडणाचा वाटतो, पण अपेक्षित आहे ते आपल्या "तोंडावर सांगणं, पाठीमागे नाही" याच्या जवळचं. तरीही हे करायला धैर्य लागतं. हे मला जमेल का, असं मुलाने स्वतःला विचारावं. आई-वडिलांनी त्याच्या वतीने उत्तर देऊ नये.

व्हिसाचं गणित

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर राहायचं तर पूर्णवेळ शिक्षण चालू असावं लागतं. एका सेमिस्टरचं निलंबन अमेरिकन विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या घरी नेतं, आपल्या मुलाला देशाबाहेर. परतताना नव्याने कागदपत्रं, कदाचित नव्याने व्हिसा, आणि मधल्या काळात शिक्षणकर्जाचं व्याज. म्हणून चौकशीच्या पद्धतीत तीन गोष्टी शोधा: आरोप लेखी मिळतो का, सोबत सल्लागार नेता येतो का, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत. आणि प्रसंग आलाच तर कौन्सिलला उत्तर देण्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात जाऊन व्हिसावर काय परिणाम होईल ते विचारायचं. हे काम मित्राच्या सल्ल्यावर सोडू नका.

अर्जातल्या निबंधात याविषयी लिहायचं असेल तर

काही कॉलेजं अर्जातच मूल्यांविषयी, समाजात राहण्याविषयी विचारतात आणि मुलं तिथे ऑनर कोडाचा उल्लेख करतात. जरूर करा, पण "मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही" असं लिहू नका. ते खरं नसतं, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. कोडातलं एखादं कलम पटलं नाही तर तेही लिहिता येतं. माझ्या एका विद्यार्थिनीने जर्नल देण्या-घेण्यावरच लिहिलं: आमच्याकडे ही मैत्री आहे, तुमच्याकडे हा भंग आहे, आणि मला दोन्ही बाजू समजतात. इंग्रजी साधं होतं, पण प्रत्येक वाक्य तिचं होतं. ऑनर कोडावरचा निबंध एजंटकडून लिहून घेण्याबद्दल मी काही वेगळं सांगायला नको. पण अशा फाइली माझ्यासमोर आल्या आहेत, म्हणून सांगते: असा निबंध पाठवू नका.

प्रवेश मिळाल्यावर

पहिल्या आठवड्यात काही कॉलेजांत सही करण्याचा छोटा समारंभ असतो. नव्या मुलांना एकत्र बोलावतात, मोठ्या मुलांपैकी कोणी बोलतं, मग एकेक जण पुढे जाऊन नाव लिहितो. जेट लॅग, नवे चेहरे, आणि आपलं नाव धड उच्चारू न शकणारी माणसं यांच्यात तो क्षण भुर्रकन निघून जातो.

म्हणून पेन्सिलीच्या रेघा मारलेली ती छापील प्रत चेक-इनच्या बॅगेत नाही, पाठीवरच्या बॅगेत ठेवा. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी डॉर्ममधल्या एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला गाठा आणि न समजलेली वाक्यं त्याला दाखवा. "एकत्र अभ्यास म्हणजे इथे नेमकं काय?" एवढा एक प्रश्न तरी विचाराच. मग प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला, सिलॅबस हातात आला, की तोच प्रश्न त्या प्राध्यापकांना. त्यांना याचं वाईट वाटत नाही. माझ्या मुलीने तिसऱ्या सेमिस्टरपासून हे सुरू केलं. पहिल्या तासाला हात वर करून विचारायची, आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवायची.